जांगल, आनूप आणि आणलेले : सातारा-सांगलीचे वन्य सस्तन प्राणी व वैद्याची देशपरीक्षा

चरकसंहितेच्या विमानस्थानात जे दहा परीक्ष्य विषय सांगितले आहेत त्यांत देश हा एक होय. देश म्हणजे भूमी आणि देश म्हणजे आतुर, असा त्याचा दुहेरी अर्थ आचार्य करतात. आतुराची परीक्षा आपण रोज करतो. भूमीची परीक्षा मात्र बहुतेक वैद्यांच्या केसपेपरवर ‘देश : साधारण’ एवढ्या दोन शब्दांत उरकलेली असते. प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे हेच करीत आला. वास्तविक सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्याला देशपरीक्षा शिकण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या भागांत तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. ही दोन टोके सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत आहेत. कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायातील आनूप आणि जांगल देशांची वर्णने एकाच एस.टी.च्या प्रवासात, एकाच दिवसात पाहता येतील असा हा प्रदेश आहे.

देश ओळखण्याच्या खुणा म्हणून आपण वनस्पती पाहतो, आणि ते योग्यच आहे. प्राण्यांकडे मात्र दुर्लक्ष होते. संहितांच्या मांसवर्गाची रचना प्राणी कोठे राहतो आणि काय, कसे खातो यावर उभी आहे. म्हणजे मांसवर्ग हा आहारद्रव्यांच्या गुणांचा पाठ तर आहेच, शिवाय तो देशाचाही पाठ आहे. तो तसा वाचला तर काय हाती लागते आणि तसा न वाचल्यास काय घडते, हे मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

काय घडते ते आधी सांगतो, कारण त्यात माझीच चूक आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात पूर्व भागातील एका वाडीवरून क्षयाचा रुग्ण आणला जात असे. सरकारी केंद्रातून त्याचे क्षयरोगाचे औषध नियमित चालू होते. माझ्याकडे नातेवाईक येत ते ‘ताकद येण्यासाठी’. राजयक्ष्म्यातील आहाराचा विचार डोक्यात ताजा होता. मी मोठ्या उत्साहाने जांगल मांसरसाचे महत्त्व सांगितले आणि बोलण्याच्या ओघात सशाचे नाव घेतले. आठवड्याने रुग्णाचे वडील हसतमुखाने आले. ‘‘डाक्टर, तुम्ही सांगितल्यागत ससा घावला बघा. वाघर लावली व्हती रानात. एक न्हाई, तीन घावलं.’’ एक ससा मुलाला खाऊ घातला होता, उरलेले दोन वाडीत वाटले होते. त्या वृद्ध गृहस्थाला आपण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खालील गुन्हा केला आहे याची कल्पना नव्हती. मला ती असायला हवी होती. वैद्याच्या तोंडचा एक शब्द वाघर होऊन माळावर पसरला, ही गोष्ट त्या दिवसापासून मनातून गेलेली नाही.

पश्चिमेकडील आनूप वर्ग

कोयना व चांदोलीचे अरण्य हे आपल्या भागातील आनूपाचे मूर्त रूप. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. गवा, सांबर, भेकर, रानडुक्कर, पिसोरी, अस्वल, बिबट्या, कोळसुंदा अर्थात रानकुत्रा, साळिंदर, खवले मांजर, उदमांजर आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हे येथील मूळचे रहिवासी. चरकाच्या आनूपमृगांच्या यादीशी हे ताडून पाहावे. सृमर, चमर, खड्ग, महिष, गवय, गज, न्यंकु, वराह, रुरु अशी ती नावे आहेत. खड्ग म्हणजे गेंडा आणि रानटी महिष यांचा आपल्या दोन जिल्ह्यांशी आज संबंध नाही. चमर तर हिमालयापलीकडचा. उरतात ते मुख्यतः दोन, वराह आणि गवय. वराहाविषयी वाद नाही. गवयाविषयी आहे, आणि तो वाद महत्त्वाचा आहे.

कित्येक भाषांतरांत व विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांत गवय म्हणजे नीलगाय असा अर्थ दिलेला आढळतो. विदर्भात जिला रोही म्हणतात ती ही नीलगाय उघड्या झुडपी रानात, शेतांच्या कडेला, कोरड्या प्रदेशात रमणारी आहे. तिला आनूपात बसवणे म्हणजे वर्गीकरणाचा पायाच काढून घेणे. सुश्रुतानेही गवय हा कूलचरांत, म्हणजे पाण्याच्या काठाने वावरणाऱ्यांत सांगितला आहे. दाट, ओल्या जंगलात राहणारा, पाणवठ्याजवळ सकाळ-संध्याकाळ चरणारा, थोराड गोजातीय प्राणी म्हणजे आपला गवाच होय. मराठीतील ‘गवा’ हे नावही याच बाजूने साक्ष देते.

येथे न्यायशास्त्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. उपमान प्रमाणाचे शाळकरी उदाहरण म्हणजे हाच गवय. ज्याने गवय पाहिला नाही त्याला वनवासी मनुष्य सांगतो की तो गाईसारखा असतो. पुढे अरण्यात तसा प्राणी दिसताच पाहणाऱ्याला नाव व वस्तू यांचा संबंध कळतो. आपण पदवी अभ्यासक्रमात हे उदाहरण पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि गवय कसा दिसतो हे न पाहताच व्यवसायाला लागतो. पाटण किंवा शिराळा तालुक्यातील कोणताही गुराखी या बाबतीत आपला आप्त ठरेल.

पूर्वेकडील जांगल वर्ग

खटाव ओलांडून म्हसवडच्या दिशेने निघाले की झाडे खुजी होतात. बाभूळ, बोर, हिवर दिसू लागतात. वारा कोरडा होतो आणि माळ सुरू होतो. या माळाचे प्राणी निराळे आहेत. ससा, खोकड, कोल्हा, लांडगा, तरस, मुंगूस, रानमांजर आणि क्वचित चिंकारा. बाहेरून येणाऱ्या माणसाला माळ ओसाड वाटतो. मेंढपाळाला विचारावे. लांडग्याचा माग, कोल्ह्याची वेळ, सशाची बसण्याची जागा हे सारे तो सांगू शकतो.

जांगल मृगांची चरकाची यादी लांबलचक आहे आणि तिच्यातील सर्वच नावांची ओळख पटवता येईल असा आग्रह धरू नये. शरभासाठी तर कोणी रात्री जागवू नयेत. परंतु पृषत म्हणजे ठिपक्यांचा चितळ, शश म्हणजे ससा, एण म्हणजे काळवीट, यांविषयी बहुतेक टीकाकार व आधुनिक अभ्यासक यांचे एकमत आहे. सुश्रुताने एण, हरिण व कुरंग यांतील भेद रंगावरून केला आहे. काळा तो एण, तांबूस तो हरिण आणि ज्याचा रंग दोन्हींपैकी नाही तो कुरंग. मला यात एक शंका नेहमी येते. काळविटाचा प्रौढ नर काळा असतो, मादी व पिल्ले मात्र पिवळसर तांबूस असतात. दुरून कळप पाहणाऱ्याला एकाच जातीत एण आणि हरिण दोन्ही दिसू शकतात. चिंकारा तर वर्षभर तांबूसच. तेव्हा हरिण या एका शब्दाखाली दोन भिन्न प्राणी आले असावेत असे मला वाटते. हा केवळ तर्क आहे, जाणकारांनी तो तपासावा.

याहून मोठी अडचण सांबराची आहे. चरकाने शंबर जांगल मृगांत घातला आहे. आपल्याकडे सांबर पाहायचे तर कोयनेच्या ओल्या रानात जावे लागते. मग संहिता चुकली का? मला तसे वाटत नाही. सांबर भारतभर पसरलेले आहे आणि उत्तरेकडील व मध्य भारतातील कोरड्या पानझडी टेकड्यांतही ते सुखाने राहते. ग्रंथकाराने ते तेथे पाहिले असेल. एका प्रदेशात बसून ग्रंथातील यादी शब्दशः आपल्या भूमीवर चिकटवता येत नाही, एवढा बोध यातून घेता येतो. प्रत्येक नावाची फेरतपासणी आपापल्या तालुक्यात करावी लागते.

आणून सोडलेले

फेरतपासणीत सर्वात मोठा घोटाळा होतो तो माणसाने आणून सोडलेल्या प्राण्यांमुळे. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य हे याचे ठळक उदाहरण. देवराष्ट्रे गावाजवळचे, जेमतेम पावणेअकरा चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. त्याआधी या टेकड्या बोडक्या होत्या. स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने तेथे झाडे लावली गेली आणि मग हरणे आणून सोडण्यात आली. चितळ, सांबर व काळवीट तेथे दिसतात ते अशा रीतीने. मोहिते यांचे कार्य थोर आहे. बोडक्या डोंगराचे रान करणारी माणसे आपल्या जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. परंतु सागरेश्वरातील सांबर, चितळ आणि काळवीट एकाच कुंपणात पाहून देशाचे अनुमान करू गेलो तर ते फसेल. हे तीन प्राणी निसर्गतः तीन वेगळ्या प्रकारच्या रानांचे आहेत. येथे ते एकत्र नांदतात ते माणसाच्या इच्छेने.

अनेक वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांची एक सहल घेऊन मी तेथे गेलो होतो. एका हुशार विद्यार्थिनीने अहवालात लिहिले की पृषत व शंबर येथे विपुल असल्याने हा भूभाग जांगल होय. निष्कर्ष योगायोगाने बरोबर होता. हेतू मात्र असिद्ध होता. हेत्वाभास शिकवण्यासाठी इतके चांगले उदाहरण मला पुन्हा मिळालेले नाही.

आता हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर पश्चिमेकडे घडत आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघांना भक्ष्य पुरेसे नव्हते, म्हणून अलीकडच्या वर्षांत चितळ आणून सोडण्यात आले. त्यांत सागरेश्वरातून हलवलेले चितळही आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. वाघ हा सह्याद्रीचा मूळचाच रहिवासी, त्यामुळे त्याचे येणे म्हणजे घरी परतणे आहे, जरी ही वाघीण विदर्भातली असली तरी. चितळाचे तसे म्हणता येणार नाही. तो मोकळ्या कुरणांचा, पानझडी जंगलाचा प्राणी आहे. पुनर्वसित गावांची जुनी शेते आता कुरणे झाली आहेत आणि तेथे तो टिकेल अशी अपेक्षा आहे. वनविभागाच्या दृष्टीने हे आवश्यक असेल, त्याविषयी मत देण्याचा माझा अधिकार नाही. पन्नास वर्षांनी एखादा वैद्य चांदोलीत पृषत पाहून आनूप-जांगलाचा निर्णय करू लागला तर त्याला हा इतिहास ठाऊक असावा, एवढ्यासाठी ही नोंद.

न बोलावता आलेल्यांत तपकिरी उंदराचे नाव घ्यावे लागेल. जहाजांतून जगभर पसरलेला हा प्राणी आपल्या शहरांच्या गटारांत स्थिरावला आहे. सुश्रुताने कल्पस्थानात मूषकांचे अठरा प्रकार सांगितले, त्यांत याला शोधण्याचा खटाटोप करू नये.

मिश्रगोचर

शेळी व मेंढी यांविषयी चरकाने एक वेधक विधान केले आहे. त्यांचा वावर मिश्र असल्यामुळे त्यांची योनी, म्हणजे त्यांचा वर्ग, निश्चित सांगता येत नाही असे आचार्य म्हणतात. आठ वर्गांची काटेकोर मांडणी करणारा ग्रंथकार दोन प्राण्यांपाशी थांबतो आणि हे यात बसत नाहीत असे मोकळेपणाने लिहितो, याचे मला नेहमी कौतुक वाटते. या मिश्रगोचरत्वाची कल्पना आज सातारा-सांगलीत वन्य प्राण्यांनाही लावावी लागते.

बिबट्याचे पाहा. सुश्रुताने द्वीपी हा गुहाशयांत, म्हणजे गुहेत राहणाऱ्यांत सांगितला. कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यात आज तो उसात राहतो. तोड सुरू झाली की फडात बछडी सापडल्याच्या बातम्या येतात. त्याला ‘इक्षुशय’ म्हणावे लागेल. विद्या अत्रेय यांनी अकोले परिसरात केलेल्या अभ्यासातून असे दिसले की शेतीच्या प्रदेशातील बिबटे मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांसारख्या पाळीव व भटक्या प्राण्यांवर जगतात. म्हणजे राहण्याचे ठिकाण बदलले, आहारही बदलला. ज्या दोन निकषांवर संहितांचे वर्ग उभे आहेत ते दोन्ही सुटले.

गव्याचेही तेच. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यातील कोथरूडमध्ये शिरलेला गवा पकडताना दगावला. त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर २०२१ मध्ये, सांगलीच्या मार्केट यार्डात गवा आला. हळदीच्या आणि बेदाण्याच्या पेठेत उभा असलेला गवय पाहून आनूपाची व्याख्या कोणी कशी करावी?

प्राणी का सरकले याचे एक कारण भूमीच बदलली हे आहे. कृष्णेचे पाणी टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांतून पूर्वेकडे चढवले गेले. कडेगाव, खानापूर, आटपाडी या भागांत जेथे बाजरी आणि मटकी होती तेथे ऊस व द्राक्षे आली. पाण्यामागे ऊस गेला, उसामागे रानडुक्कर गेले आणि त्यांच्यामागे बिबट्या. चिकित्सकाच्या दृष्टीने ही घटना मोठी आहे. कालव्याखालील गावांतील रुग्णाला केवळ ‘आटपाडीचा’ म्हणून जांगल देशाचा, वातपित्तप्रधान असे गृहीत धरणे आता धोक्याचे झाले आहे. त्याच्या परसात पाणथळ आहे, आहारात गूळ-साखर वाढली आहे, अंगमेहनत कमी झाली आहे. त्याच तालुक्यात दहा किलोमीटरवर, पाणी न पोहोचलेल्या वाडीवर, जुना जांगल देश जसाच्या तसा आहे. मी आता केसपेपरवर गावाच्या नावापुढे पाण्याचा स्रोत लिहितो, आणि रुग्णाला सहज विचारतो की शिवारात कोणते जनावर दिसते. ‘लांडगा’ असे उत्तर आले तर एक अर्थ, ‘डुकरांनी ऊस लोळवला’ असे आले तर दुसरा. नाडीपरीक्षेच्या आधी मिळालेली ही माहिती बहुधा खोटी ठरत नाही.

चिकित्सेतील उपयोग व मर्यादा

सशाच्या प्रकरणाकडे पुन्हा वळतो. राजयक्ष्मा चिकित्सेत चरकाने एक विलक्षण गोष्ट सांगितली आहे. ज्या मांसांची रुग्णाला किळस येईल ती दुसऱ्या नावाने द्यावीत. कोल्हा, मुंगूस, मांजर यांचे मांस ससा म्हणून द्यावे, तर सिंह, अस्वल, तरस यांचे मृग म्हणून. म्हणजे त्या काळी ‘ससा’ हे रुग्णाला सहज रुचणारे, विश्वासाचे नाव होते. आज रुग्णापासून औषध लपवणे आपल्या व्यवसायनीतीत बसत नाही आणि वन्य प्राण्याचे मांस सुचवणे कायद्यात बसत नाही. यादीतील जवळजवळ एकही रानटी सस्तन प्राणी आज चिकित्सेसाठी मारता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने अधिनियमाच्या अनुसूचींची फेरमांडणी झाली. तरीही ससा, साळिंदर, मुंगूस यांची शिकार हा गुन्हाच आहे.

मग शोषाच्या रुग्णाला काय द्यावे? उत्तर चरकानेच देऊन ठेवले आहे. शेळीचे मांस फार शीत नाही, फार गुरू नाही, फार स्निग्ध नाही. ते मनुष्यशरीराच्या धातूंशी समान असल्याने अभिष्यंद न करणारे व बृंहण आहे. जिचा वर्ग ठरवता आला नाही तीच शेळी सर्व वर्गांना पर्याय होऊन बसली. शाकाहारी रुग्णाला अजादुग्ध आहेच. त्या वाडीवरच्या वृद्धाला पुढच्या भेटीत मी शेळीचा रस्सा सांगितला तेव्हा तो म्हणाला, ‘‘मग आधीच का न्हाई सांगितलं? शेरडं दारातच हायती.’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मृगशृंगाचा प्रश्न थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे. पार्श्वशूल, हृत्शूल, कास यांत शृंगभस्म परंपरेने वापरले जाते. ‘मृग’ या शब्दामुळे कोणतेही हरणाचे शिंग चालते असा समज आहे, तो चुकीचा आहे. सांबर, चितळ, भेकर यांची शिंगे भरीव व शाखायुक्त असतात. ती केवळ नराला येतात, ठरावीक काळाने गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. ती अस्थिमय असून त्यांत चुन्याचे फॉस्फेट मुबलक असते, म्हणून त्यांचे भस्म होते. काळवीट व चिंकारा यांची शिंगे मात्र हाडाच्या गाभ्यावर बसलेले पोकळ आवरण असते. हे आवरण नखासारख्या द्रव्याचे असते. ते आयुष्यभर गळत नाही, आणि जाळले तर घाण वास येऊन बहुतांश जळून जाते. संहितेत एण आणि शंबर एकाच जांगल वर्गात आहेत, परंतु शृंगद्रव्याच्या दृष्टीने ते भिन्न कोटीतले होत. द्रव्यगुणाच्या तासाला हा भेद क्वचितच शिकवला जातो.

भेद कळला म्हणून शिंग गोळा करता येते असे नव्हे. जंगलात गळून पडलेले शिंगही कायद्याच्या दृष्टीने वन्य प्राण्याचाच भाग आहे. ते उचलून आणणारा ‘मेलेल्या जनावराचं नव्हं, पडलेलं हाय’ असे सांगतो. दवाखान्याच्या दारात असा तुकडा घेऊन आलेल्या माणसाला मी परत पाठवले आहे. कोणीही वैद्याने तो विकत घेऊ नये.

खवले मांजराच्या खवल्यांविषयी विचारणा होते तेव्हा मी फार वेळ घालवत नाही. ते खवले नखांच्याच द्रव्याचे आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापार करारात सर्व जातींच्या खवले मांजरांच्या व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, आणि २०२० मध्ये चीननेही आपल्या अधिकृत औषधसूचीतून हे खवले वगळले. ज्या देशात त्यांना सर्वात मोठी मागणी होती त्याने हे केले, मग आपण कोणत्या शास्त्राच्या नावावर ते मागायचे? दम्यासाठी साळिंदराचा वाळवलेला कोठा देण्याची प्रथाही डोंगरी भागात आहे. एका रुग्णाच्या मुलाने तो कागदात गुंडाळून मला दाखवला होता. वडिलांना तो द्यावा की नको, असे त्याला विचारायचे होते. वडिलांची धाप पाहता त्यांना त्या क्षणी प्राणवायू आणि श्वासनलिका मोकळी करणारे औषध हवे होते. मी प्रथम रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली, कोठ्याविषयी नंतर बोललो.

दंश

आता वैद्याकडून घडू शकणाऱ्या सर्वात घातक चुकीविषयी. सुश्रुताने कल्पस्थानात अलर्कविषाचे वर्णन करताना कुत्र्याबरोबर कोल्हा, तरस, अस्वल, वाघ यांची नावे घेतली आहेत. वन्य सस्तन प्राण्यांपासून हा रोग होतो हे त्याने नेमके हेरले होते. पाण्याची भीती वाटणे, पाण्यात वा आरशात त्या प्राण्याचे रूप दिसणे ही अरिष्टलक्षणे त्याने सांगितली, आणि ती उत्पन्न झाल्यावर रुग्ण वाचत नाही हेही सांगितले. या शेवटच्या विधानात इतक्या शतकांनंतरही फारसा फरक पडलेला नाही. फरक पडला आहे तो लक्षणे उत्पन्न होण्यापूर्वीच्या काळात. लस आणि प्रतिपिंड-द्रव्य उपलब्ध आहे.

पूर्व भागात कोल्हा किंवा मुंगूस चावल्याचा रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याकडे येतो, जखमेवर चुना किंवा तिखट भरलेले असते. आपल्या देशातील मार्गदर्शक सूचनांनुसार वन्य प्राण्याचा दंश हा तिसऱ्या, म्हणजे सर्वात गंभीर श्रेणीचा धरायचा आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. ती शिवू नये, डागू नये, तिच्यावर काही भरू नये. जखमेत प्रतिपिंड-द्रव्य व दंडात लस मिळेल अशा रुग्णालयात त्याच दिवशी पाठवावे. अलर्कविषावरील ग्रंथोक्त योग त्या वेळी कपाटातून काढू नयेत. त्यांच्यावर विसंबून गेलेला दिवस परत मिळत नाही. ‘मुंगूस लहान जनावर, त्याचं काय’ असे रुग्ण म्हणेल, ते ऐकून घेऊ नये. गव्याने मारलेल्या रुग्णाच्या बाबतीत जखम बाहेरून लहान दिसते, आत उदराला मार असतो. त्यालाही दवाखान्यात ठेवून घेण्याचा मोह टाळावा.

वटवाघूळ हाही सस्तन प्राणी आहे हे येथे सांगावेसे वाटते, कारण बहुतेक रुग्ण त्याला पक्षी समजतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वर येथील एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले होते. त्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जिल्ह्यात माणसांना हा रोग झाला असा याचा अर्थ नव्हे. तरीही गुहा पाहायला निघालेल्या मुलांना वटवाघळांना हात लावू नका, उष्टी फळे खाऊ नका असे सांगणे आपल्या हातात आहे. ज्वरासह संज्ञानाश घेऊन येणाऱ्या रुग्णाला गेल्या पंधरवड्यात तो कोठे फिरला हे विचारावे, आणि उत्तर गावाच्या नावापुढे, देशाच्या रकान्यात लिहून ठेवावे.